घटकाभराचे पाळणाघर आणि त्याचे नियमन

१. प्रस्ताव

दिवाळीच्या आगेमागे परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्याने झरीच्या शिवारात शिरले म्हणजे काळ्या रानात कापसाची वेचणी चाललेली दिसते. कमरेला फडकी बांधलेल्या बाया आपापल्या तासांतून पुढे सरकत असतात आणि बांधावरच्या लिंबाच्या किंवा बाभळीच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी टांगलेली असते. झोळीत तान्हे मूल असते आणि झोळीची दोरी हाती धरून त्याची सात-आठ वर्षांची बहीण बसलेली असते. शेजारच्या तासातील बाईचे मूलही तिच्याच हवाली केलेले असते. हे दृश्य इतके परिचयाचे आहे की त्यास पाळणाघर म्हणावे असे कोणाच्या मनात येत नाही. वस्तुतः ते पाळणाघरच होय. त्यात मुले आहेत, त्यांना सांभाळणारी आहे आणि काही काळापुरती मूल सोपवून गेलेली आईही आहे. नाहीत ते फक्त नियम.

शहरात याच गोष्टीने अलीकडे वेगळा वेष धारण केला आहे. मोठ्या दुकानांतून आणि ज्यांना आता सर्रास ‘जिम’ म्हटले जाते त्या व्यायामशाळांतून गिऱ्हाइकांच्या मुलांकरिता एखादी खोली राखून ठेवण्याची प्रथा परदेशांत रुजली असून आपल्याकडील महानगरांतही ती येऊ लागली आहे. आईने खरेदी वा व्यायाम आटोपेपर्यंत मूल तेथे खेळते. कापसाचे रान आणि शहरातील दुकान यांत बाह्यतः काहीच साम्य नाही. तथापि दोन्हीकडे मूल नित्य नेमाने येणारे नसते, आई जवळपासच अन्य कामात गुंतलेली असते आणि सांभाळणारीस मुलाची पुरती ओळख नसते. या तीन लक्षणांनी युक्त अशा संगोपनास प्रस्तुत लेखात ‘घटकाभराचे पाळणाघर’ म्हटले आहे. त्याच्या नियमनाचा पाया कोणता असावा, एवढाच प्रश्न येथे विचारार्थ घेतला आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे की, आजवर कायद्याने मुख्यतः कामगारांची संख्या मोजली. घटकाभराच्या पाळणाघरात मात्र मूल मोजल्यावाचून गत्यंतर नाही.

२. घटकाभराचे मूल

अल्पकाळ सांभाळावयाच्या मुलास धोकाही अल्पच, असा एक सार्वत्रिक समज आहे. दिवसभराच्या पाळणाघरास कडक नियम असावेत, पण तासाभराकरिता एवढी उठाठेव कशाला, असे सुजाण माणसेही विचारतात. हा समज सोपा आहे, परंतु तो खरा नव्हे. नित्याच्या पाळणाघरातील बाईस कोणते मूल भुकेने रडते आणि कोणते झोपेने, कोणास दम्याचा त्रास आहे, कोणास शेंगदाणे सोसत नाहीत, कोणाचा काका मूल न्यावयास येतो, हे सर्व महिन्याभरात ठाऊक होते. ही ओळख हेच तिचे मोठे साधन असते. घटकाभराच्या पाळणाघरात हे साधनच नसते. तेथे येणारे प्रत्येक मूल जणू पहिल्या दिवशीचे मूल असते. आणि पाळणाघरातील पहिला दिवस हा सर्वांत कठीण दिवस असतो, हे त्या क्षेत्रात काम करणारी कोणतीही बाई सांगेल.

दुसरी गोष्ट वयाची. साधारणतः आठव्या महिन्याच्या सुमारास मूल ओळखीचा व अनोळखी चेहरा यांत स्पष्ट भेद करू लागते आणि अनोळखी माणसाच्या हाती दिल्यास भेदरते. ही अवस्था दुसऱ्या वर्षातही बराच काळ टिकते. जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेकरिता सिद्ध केलेला माता व बालक यांच्या वियोगाविषयीचा अहवाल १९५१ साली प्रसिद्ध झाला. त्यातील काही निष्कर्षांवर पुढे पुष्कळ वाद झाला, आणि चांगल्या पाळणाघराने मुलाचे नुकसान होत नाही हेही नंतरच्या अभ्यासांनी दाखविले. तथापि लहान मुलास नव्या हाताची सवय हळूहळू करावी लागते, या गोष्टीविषयी दुमत उरलेले नाही. नित्याच्या पाळणाघरात आई प्रारंभी काही दिवस तेथे थांबते, मग वेळ थोडा थोडा वाढविते. घटकाभराच्या पाळणाघरात अशी सवय लावण्यास अवसरच नसतो. म्हणून तेथे आईला परत बोलाविण्याची सोय ही सवलत नसून संगोपनाचे आवश्यक अंग ठरते.

तिसरी गोष्ट गर्दीची. नित्याच्या पाळणाघरात मुलांची संख्या आधी ठाऊक असते. व्यायामशाळेत ती सकाळी व सायंकाळी एकाएकी वाढते. गावच्या आठवडी बाजारात ऊन चढण्याच्या सुमारास वाढते. वेचणीच्या रानात मुकादमाने त्या दिवशी किती बाया आणल्या यावर अवलंबून राहते. दिवसभरात एकंदर वीस मुले येऊन गेली, या आकड्यास म्हणून फारसा अर्थ नाही. एका घटकेस एका बाईच्या हाती किती मुले होती, हा खरा प्रश्न आहे.

३. कायद्याने काय मोजले

कामावर जाणाऱ्या आईच्या मुलाचा प्रश्न महाराष्ट्रात प्रथम ठळकपणे पुढे आला तो मुंबईच्या कापडगिरण्यांत. १९२० नंतरच्या दोन-तीन वर्षांत मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांकडून गिरणीतील स्त्री-कामगारांच्या परिस्थितीची पाहणी करविली. आई गिरणीत असता तान्हे मूल शांत पडून राहावे म्हणून त्यास अफूची गोळी देण्याची चाल त्या काळी चाळींतून फैलावलेली होती. तिला ‘बाळागोळी’ असे लाडके नाव होते. मूल सांभाळणारा हात नसला म्हणजे त्याची जागा काय घेते, याचे याहून कठोर उदाहरण देता येणार नाही. १९२९ साली मुंबई इलाख्यात प्रसूतीच्या लाभाचा कायदा झाला. त्याच्या विधेयकास १९२८ साली मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला होता. परंतु तो कायदा प्रसूतीच्या आठवड्यांपुरता होता. आई कामावर परतल्यानंतर मुलाचे काय, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

त्यास उत्तर मिळाले ते १९४८ च्या कारखाने अधिनियमाने. पन्नासाहून अधिक स्त्रिया कामावर असतील तेथे सहा वर्षांखालील मुलांकरिता योग्य खोली असावी, असे त्याच्या ४८ व्या कलमात सांगितले होते. १९७६ च्या दुरुस्तीने ही संख्या तीसवर आणली. मळे, खाणी, विडी-कारखाने आणि बांधकामे यांकरिता झालेल्या कायद्यांतही अशाच तरतुदी आल्या. स्त्रियांची संख्या हीच कसोटी ठेवल्याने स्त्रियांना कामावर घेणे मालकास महाग वाटू लागते, हा दोष उघड होता. म्हणून २०१७ साली मातृत्व लाभाच्या कायद्यात दुरुस्ती करताना पन्नास वा अधिक कर्मचारी, मग ते स्त्री असोत वा पुरुष, ही कसोटी धरण्यात आली आणि आईस दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा दिली गेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे जुने कायदे नव्या कामगार संहितांत विलीन झाले. संहितांतही पन्नास हा आकडा कायम आहे.

ही वाटचाल प्रगतीची होती यात संशय नाही. पण तिच्यात एक मर्यादा प्रारंभापासून राहून गेली. प्रत्येक टप्प्यावर कायद्याने विचारले ते हे की, या ठिकाणी किती माणसे काम करतात. येथे किती मुले आहेत, असे त्याने सहसा विचारले नाही. एकोणपन्नास कामगारांच्या आस्थापनेत दहा तान्ही मुले असू शकतात आणि पाचशेंच्या आस्थापनेत एकही नसेल. कायद्याच्या दृष्टीने पहिलीवर काहीच बंधन नाही आणि दुसरीवर आहे. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापनांविषयीच्या २०१७ च्या अधिनियमाने पन्नास वा अधिक कामगारांच्या आस्थापनेस पाळणाघराची सक्ती केली आणि एक किलोमीटरच्या परिसरातील अनेक आस्थापनांना मिळून एकच पाळणाघर चालविण्याची वाट मोकळी ठेवली. ही दुसरी तरतूद विशेष शहाणपणाची आहे. पण हा कायदाही दुकानातील कामगारांच्या मुलांपुरताच बोलतो. गिऱ्हाइकाच्या मुलाविषयी तो मौन पाळतो.

मग असे मूल अगदीच निराधार आहे काय? तसेही नाही. बालन्याय अधिनियम, २०१५ याच्या ७५ व्या कलमानुसार ज्याच्या प्रत्यक्ष ताब्यात मूल आहे त्याने त्यास मारहाण केली वा त्याची बुद्धिपुरस्सर हेळसांड केली तर तो शिक्षेस पात्र होतो, आणि मुलांच्या संगोपनाचे काम सोपविलेल्या संस्थेच्या नोकरास अधिक कडक शिक्षा सांगितली आहे. परंतु हा उपाय इजा झाल्यानंतरचा होय. २०१६ च्या नोव्हेंबरात नवी मुंबईतील खारघर येथे एका खाजगी पाळणाघरात दहा महिन्यांच्या बालिकेस मारहाण होत असल्याचे चित्रण उघडकीस आले, तेव्हा साऱ्या राज्यात संताप व्यक्त झाला. त्या संतापात एक प्रश्न पुनःपुन्हा विचारला गेला : अशा पाळणाघरांची नोंद कोण ठेवतो? पुढे २०१८ च्या नोव्हेंबरात केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने किमान मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक आणि त्यावरील वीस मुलांमागे एक प्रशिक्षित सेविका, सोबत मदतनीस, असे प्रमाण त्यांत सुचविले आहे. ही तत्त्वे नोकरीच्या ठिकाणच्या पाळणाघरांकरिता लिहिलेली आहेत. घटकाभराच्या पाळणाघराचा स्वतंत्र विचार त्यांच्या कक्षेत येत नाही.

४. ‘आई जवळच आहे’

परदेशांतील नियमकर्त्यांनी हा प्रश्न पाहिला आहे. पण बहुधा तो बाजूला सारण्यासाठीच. इंग्लंडमध्ये २००८ पासून लागू असलेल्या सवलतीनुसार पालक त्याच इमारतीत वा अगदी निकट असतील, एका मुलास दिवसाकाठी चार तासांहून अधिक काळ ठेवले जात नसेल आणि दीर्घकाळ सांभाळण्याचा करार नसेल, तर अशा ठिकाणास नोंदणीची सक्ती नाही. बाजारपेठेतील व क्रीडाकेंद्रातील पाळणाघरे यांत मोडतात. अमेरिकेतील अनेक राज्यांतही पालक त्याच आवारात असल्यास परवान्यातून सूट मिळते. या सवलतीचे तर्कशास्त्र एका वाक्यात सांगता येते : आई जवळच आहे, तेव्हा जबाबदारी तिचीच. हे तर्कशास्त्र वरवर निर्दोष भासते. यास्तव ते आपल्या शिवारात नेऊन पारखून पाहू.

वेचणीस सकाळी प्रारंभ होतो तेव्हा आई झोळीपासून पाच-दहा पावलांवर असते. ती एका तासातून पुढे जाते, दुसऱ्या तासातून परतते. प्रत्येक फेरीगणिक ती झोळीच्या झाडापासून आडव्या अंगाने दूर सरकते. उन्हे डोक्यावर येईतो ती रानाच्या पलीकडच्या टोकास पोहोचलेली असते. कपाशी माणसाच्या कमरेपर्यंत वा छातीपर्यंत वाढलेली असली तर झोळीही दिसत नाही, आणि वारा उलट असला तर रडणेही ऐकू येत नाही. शिवाय वेचणीची मजुरी बहुधा किलोवर ठरते. मुलाकडे मारलेली प्रत्येक फेरी तिच्या मापातून वजा होते. ती ‘शेतातच’ आहे हे खरे. पण ‘जवळ’ आहे हे आता खरे राहिलेले नाही. झाडाखाली मात्र फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा पडलेला असण्याचा संभव आहे, आणि कठड्यावाचून विहीरही फार लांब नसते. शहरातील चित्र तत्त्वतः निराळे नाही. चार मजली दुकानाच्या तळमजल्यावर मूल व वरच्या मजल्यावर आई असता, किंवा मोठ्या आवाजात गाणी चालू असलेल्या व्यायामशाळेत ती यंत्रावर धावत असता, एकाच आवारात असूनही ती मुलाच्या हाकेबाहेर असते.

यावरून निष्पन्न होणारे तत्त्व असे : जवळीक ही जागेवरून ठरवू नये, ती हाकेवरून ठरवावी. मराठीत ‘हाकेचे अंतर’ हा शब्दप्रयोग आहेच. नियमाच्या भाषेत बोलावयाचे तर, निरोप निघाल्यापासून आई किती मिनिटांत मुलापाशी पोहोचते, हे मोजले पाहिजे. आवार एकच आहे एवढ्यावरून सूट देणे म्हणजे अंतराचे नाव घेऊन अंतर न मोजणे होय.

५. मूल मोजणारा नियम

मुलांची संख्या हीच कसोटी धरणारा नियम आपल्या देशात नाही असे कोणी समजू नये. तो रोजगार हमीच्या कामांवर जन्मला. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील लक्षावधी स्त्रिया खडी फोडण्याच्या व माती वाहण्याच्या कामांवर आल्या आणि त्यांच्यासोबत त्यांची मुलेही आली. त्या अनुभवातून महाराष्ट्राचा रोजगार हमी अधिनियम, १९७७ सिद्ध झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. पुढे २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत असे लिहिले गेले की, कामावरील स्त्रियांसोबत आलेली सहा वर्षांखालील मुले पाच वा अधिक असतील तर त्यांतील एका स्त्रीस मुले सांभाळण्याच्या कामावर नेमावे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. पण या एका वाक्यातील विचार जपून ठेवण्याजोगा आहे. त्यात इमारत नाही, कामगारांची किमान संख्या नाही. पाच मुले दिसली की सांभाळणारी हवी, आणि तिचे सांभाळणे हे काम आहे, उपकार नव्हे, एवढेच तो सांगतो. हा नियम अनेक ठिकाणी कागदावरच राहिला. तो दोष अंमलबजावणीचा होय, मोजमापाचा नव्हे.

या विचाराची दुसरी मुळे आपल्याच बालशिक्षणात आहेत. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांकरिता काम केले. मूल शाळेकडे येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, या कल्पनेतून अंगणवाडी निघाली. गुरे राखणाऱ्या मुलांकरिता कुरणशाळा निघाली. मोठी बहीण शाळेत येत नाही याचे कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड आहे, हे त्यांनी नेमके हेरले आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून ‘विकासवाडी’चा प्रयोग केला. ज्या माँतेस्सोरीबाईंच्या पद्धतीचा ताराबाईंनी आपल्याकडील परिस्थितीस अनुरूप असा विस्तार केला, त्यांचे रोममधील पहिले बालगृहही ६ जानेवारी १९०७ रोजी एका गरीब वस्तीत उघडले ते, मागे राहिलेली मुले भिंती व जिने खराब करतात या घरमालकांच्या तक्रारीतून. मालकाच्या सोयीकरिता सुरू झालेली गोष्ट मुलांच्या हिताची होऊ शकते, हे यावरून दिसते. म्हणून दुकानदार गिऱ्हाइकांना खिळवून ठेवण्यासाठी ही सोय करतो, एवढ्यावरून तिला नाक मुरडण्याचे कारण नाही. त्या खोलीत मुलाची बाजू घेणारा नियम असावा, एवढेच मागणे आहे.

६. किमान नियम कोणते असावेत

घटकाभराच्या पाळणाघरावर नित्याच्या पाळणाघराचे सर्व नियम लादले तर एकतर ते बंद पडेल किंवा नावापुरते नियम पाळून चालेल. दोन्ही गोष्टी अनिष्ट आहेत. यास्तव नियम थोडे असावेत, पण जे असतील त्यांत सूट नसावी. आमच्या मते पुढील सहा नियम पुरेसे आहेत.

पहिला नियम नोंदीचा. मुलाचे नाव, वय, आल्याची वेळ, आणणाराचे नाव, आई या क्षणी कोठे आहे आणि तिला निरोप कसा पोहोचवावयाचा, एवढे वहीत लिहिलेले असावे. आजार व न सोसणारे अन्न यांविषयी विचारणा करावी, आणि आईने सांगितल्याखेरीज मुलास काहीही खाऊ घालू नये. औषध तर नाहीच नाही. बाळागोळीचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना या शेवटच्या शब्दांचे महत्त्व पटवून द्यावे लागणार नाही.

दुसरा नियम मूल परत देण्याचा. ज्याने मूल आणले त्याच्याच किंवा त्याने आणतेवेळी नाव सांगितलेल्या माणसाच्याच हाती ते द्यावे. ‘मी मामा आहे’ एवढे म्हणणे पुरेसे मानू नये. एक क्रमांकाचा बिल्ला आईजवळ आणि तोच क्रमांक मुलाच्या अंगावर, ही युक्ती स्वस्त व भरवशाची आहे.

तिसरा नियम सांभाळणारीचा. ती अठरा वर्षांवरील असावी, तिची मजुरी दिवसावर ठरलेली असावी आणि मुलांच्या संख्येवर ठरू नये. अन्यथा अधिक मुले घेण्याचा मोह होईल. २०१८ च्या तत्त्वांतील दहास एक हे प्रमाण ओळखीच्या मुलांकरिता आहे. अनोळखी मुलांकरिता ते याहून कमी, आमच्या मते तीन वर्षांखालील सहा मुलांमागे एक, असावे आणि गर्दीच्या घटकेस मोजावे.

चौथा नियम हाकेच्या अंतराचा. निरोप मिळताच पाच मिनिटांत आई पोहोचू शकेल अशीच व्यवस्था असावी. मूल पंधरा मिनिटांत शांत झाले नाही तर तिला बोलाविलेच पाहिजे. तिने तेथून जाण्यापूर्वी हे तिला स्पष्ट सांगावे.

पाचवा नियम भेटीचा. सलग दोन तासांहून अधिक काळ आईची भेट झाली नाही असे होऊ नये. दुकानात व व्यायामशाळेत ही मर्यादा मूल परत नेण्याची समजावी. रानात व बांधकामावर ती आईने मुलाकडे येऊन जाण्याची समजावी, आणि त्या वेळेचे नुकसान किलोच्या मजुरीत भरून द्यावे. दिवसातून चार भेटींची मुभा कायद्याने आस्थापनेतील आईस पूर्वीच मान्य केलेली आहे. ती झरीच्या रानातील आईस अमान्य करण्यास कोणतेही शास्त्रीय कारण नाही.

सहावा नियम जागेचा. सावली, पिण्याचे पाणी आणि बाहेरून आत दिसेल अशी मोकळीक हवी. बंद दाराची खोली नको. विहीर, चूल, विजेच्या उघड्या तारा व फवारणीची औषधे यांपासून जागा दूर असावी. पक्क्या इमारतीचा आग्रह धरू नये. तो धरला तर रानातील मूल पुन्हा नियमाबाहेर पडेल.

७. दोन आक्षेप

या नियमांवर पहिला आक्षेप असा येईल की, यांवर देखरेख कोण करणार? तपासनिसांची फौज उभारणे शक्य नाही आणि अंगणवाडी सेविकेच्या डोक्यावर आणखी एक वही ठेवणे न्याय्य नाही. आमचे उत्तर असे की, येथे परवाना नको, नोंद पुरे. गावात ग्रामपंचायतीकडे आणि शहरात नगरपालिकेकडे किंवा महानगरपालिकेकडे एक साधे निवेदन द्यावे आणि हे सहा नियम मोठ्या अक्षरांत त्या जागी लावावेत. ज्या आईस वाचता येत नाही तिला ते वाचून दाखवावेत. तपासनीस फार तर वर्षातून एकदा येईल. आई रोज येते. तिला कशाची अपेक्षा धरावयाची हे कळले तर तीच उत्तम तपासनीस ठरेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पाच-दहा बाया लावणाऱ्या लहान शेतकऱ्यास एका सांभाळणारीची मजुरी परवडेल काय? एकट्यास परवडणार नाही, हे मान्य केले पाहिजे. पण दुकानांच्या कायद्याने एका किलोमीटरच्या परिसरातील आस्थापनांना जी सामायिक पाळणाघराची वाट दाखविली आहे, तीच शेजारच्या चार-सहा शेतांनाही मोकळी आहे. वेचणीच्या हंगामापुरती शिवाराच्या मध्यावर एक सावली आणि दोन बाया, ही गावकीच्या आवाक्याबाहेरची गोष्ट नव्हे. शासनाने २०२२ पासून ‘पाळणा’ योजनेखाली अंगणवाडीस जोडून पाळणाघरे चालविण्याचे धोरण स्वीकारले आहे. हंगामी रानपाळणाघरास त्यात स्थान मिळाल्यास खर्चाचा भार आणखी हलका होईल.

८. समारोप

अखेरीस पुन्हा त्या झोळीकडे वळू. झोळीतील मुलाचा विचार आपण केला. पण दोरी धरून बसलेल्या मुलीचा विचार कोणत्याच नोंदवहीत येत नाही. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क आहे. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीने शाळेच्या वेळेनंतर व सुटीत कुटुंबास मदत करण्याची मुभा ठेवली आहे. वेचणीचा दिवस मात्र शाळेची वेळ पाहून उगवत नाही. कापूस फुटला की बाया रानात जातात आणि शाळेच्या हजेरीपटावर एक रेघ कोरी राहते. सांभाळणारी अठरा वर्षांवरील असावी, हा नियम आम्ही तान्ह्या मुलाकरिता सुचविला असे वाटेल. वस्तुतः तो तितकाच या मुलीकरिता आहे. एका घटकेच्या संगोपनाची सोय नसल्याने एक मूल असुरक्षित राहते आणि दुसरे निरक्षर राहण्याच्या वाटेवर लागते. म्हणून नियमनाचा प्रारंभ मुले मोजण्यापासून व्हावा, आणि झोळीपाशी ती मोजताना दोन मोजावीत.